तिसावा नंबर

गेल्या महिन्यात एक गृहस्थ कॉलेजातल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले. मुलीला इंग्रजीत चांगले मार्क होते. "पण वर्गात तोंड उघडत नाही हो," ते म्हणाले. "स्वभावच घुमा. तेवढा स्वभाव बदलून द्या, फीचं काय ते सांगा." सायकलची ट्यूब बदलून द्या म्हणावं, इतक्या सहज म्हणाले. मुलगी खाली मान घालून बसली होती. मी त्यांना सांगितलं, की स्वभाव बदलून मिळण्याचं दुकान सापडलं तर आधी तुमचा बदलून घ्या, आणि आता उठा. चहा टाकायला आत गेलेली बायको बाहेर आली तेव्हा खुर्च्या रिकाम्या होत्या. "एवढं काय झालं चिडायला?" तिनं विचारलं.

काय झालं ते सांगतो. संपादकांनी दिवाळी अंकासाठी माझ्याकडे शाळेतल्या गमतीजमती मागितल्या आहेत. गमती पुष्कळ आहेत, पण त्या दुसरा कुणीही मास्तर सांगेल. मी सातारा-सांगली भागात बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. हजारोंना शिकवलं. त्यातल्या एका माणसाच्या बाबतीत जे झालं त्याचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. तो राग सरकारी कचेरीवर आहे, एका गोऱ्या कर्नलवर आहे, आणि सगळ्यात जास्त माझ्यावर आहे.

आधी धंद्याचं थोडं सांगायला हवं. आमच्या वेळी जुने मास्तर इंग्रजी भाषांतरातून शिकवायचे. मी पुण्याहून मास्तरकीची बी.टी. परीक्षा पास होऊन आलो तो नवी पद्धत घेऊन. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवायचं, वर्गात मराठी शब्द काढायचा नाही, आणि समोरच्याला सारखं बोलतं ठेवायचं. पद्धत वाईट नव्हती. मी तिला जोड दिली ती मात्र आपल्याकडच्या जुन्या नंबरांची.

पहिल्या बाकाचा भिंतीकडचा कोपरा म्हणजे पहिला नंबर आणि शेवटच्या बाकाचा दाराकडचा कोपरा म्हणजे शेवटचा. मास्तर एकाला प्रश्न विचारणार. त्याला आला नाही तर त्याच्या खालच्याला, त्यालाही नाही आला तर आणखी खालच्याला. ज्यानं उत्तर दिलं तो उठून, गप्प बसलेल्या सगळ्यांच्या वर जाऊन बसणार, आणि ते सगळे एकेक जागा खाली सरकणार. तासभर वर्ग असा वरखाली होत राही. आम्ही स्वतः तसेच शिकलो होतो. त्यानं ईर्षा वाढते, असं आम्ही मानत होतो, आणि ईर्षा ही चांगली गोष्ट आहे हेही कुणाला न विचारता मानत होतो.

आता, भाषा येणं आणि भाषा बोलणं यात फरक आहे. काही माणसं डोक्यात येईल ते धडाधड बोलून टाकतात. चुकलं तर हसतात आणि पुढचं बोलतात. काही माणसं आधी सबंध वाक्य मनात जुळवतात, तपासतात, पुन्हा जुळवतात. वाक्य तयार होतं तेव्हा प्रश्न चार माणसं ओलांडून गेलेला असतो. मग ते तयार वाक्य गिळून बसतात. परक्या भाषेच्या वर्गात पहिल्या प्रकारची माणसं हुशार ठरतात आणि दुसऱ्या प्रकारची ठोंब. हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नाही. मला ते शिकायला एका माणसाची हातातोंडाशी आलेली नोकरी जावी लागली.

महायुद्ध संपल्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. पलटणी मोडत होत्या आणि आमच्या भागातले जवान ट्रंका डोक्यावर घेऊन घरी येत होते. त्यांच्यातल्या लिहितावाचता येणाऱ्यांना सरकारी नोकऱ्यांत घ्यायचं ठरलं. त्यासाठी साताऱ्यात तीन महिन्यांचा इंग्रजीचा वर्ग निघाला, शेवटी तोंडी परीक्षा. वर्ग माझ्याकडे आला. तीस माणसं. कुणी उंब्रजचा, कुणी खंडाळ्याचा, कुणी माणचा. काहींचं वय माझ्याएवढं, काहींचं जास्त. कुणी ब्रह्मदेशातून आलेला, कुणी आफ्रिकेतून. ही माणसं शाळेतल्या मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसत. आणि त्यांना मी नंबर लावले. तोफा ऐकून आलेल्या माणसांना मी 'वर जा, खाली जा' करत होतो, आणि त्यात मला काही चुकतंय असं वाटत नव्हतं.

पहिल्या आठवड्यातच पहिल्या नंबरावर हवालदार यादव जाऊन बसले ते शेवटपर्यंत हलले नाहीत. उंब्रजचा उंचापुरा माणूस, पलटणीत कोठारावर होता. बोलायला लागला की खिडकीबाहेर माणसं थांबत. "गुड मॉर्निंग सर, व्हेरी फाईन वेदर सर, माय बफेलो ऑल्सो फाईन सर!" वर्ग हसायचा, तेही हसायचे. "गुर्जी, विंग्रजी म्हंजी काय, निस्तं ठोकायचं," असं मला सांगायचे. मनानं चांगला माणूस. मला ते आवडायचे, कारण त्यांच्यामुळे माझी पद्धत यशस्वी दिसायची.

आणि तिसाव्या नंबरावर गणू शेडगे. दहिवडीच्या पुढं दोन कोसांवरचा धनगराचा मुलगा, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, सडपातळ. पलटणीच्या इस्पितळात ड्रेसर होता, म्हणजे जखमा धुवायच्या, मलमपट्टी करायची. वर्गाच्या पहिल्या दिवशी सगळ्यांकडून फॉर्म भरून घेतले होते. कोणती नोकरी हवी, या रकान्यात बाकीच्यांनी तीन-तीन पसंत्या लिहिल्या. गणूनं एकच लिहिली होती: दहिवडीच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर. मी विचारलं, दुसरी काही? तर म्हणाला, "न्हाई गुर्जी. आमच्याकडं पायात काटा मोडला तर कुऱ्हाडीच्या टोकानं काढत्यात. मग पाय सडतोय. म्हातारी बी एकटी हाय. ह्ये न्हाई झालं तर मग हायेच, मुंबई." माणची निम्मी माणसं तेव्हाही मुंबईला गिरणीत होती. त्याला तिकडे जायचं नव्हतं.

हे एवढं मराठीतलं बोलणं सोडलं तर महिनाभर त्याच्या तोंडून मी अक्षर ऐकलं नाही. प्रश्न विचारला की उभा राहायचा, ओठ थोडे हलायचे, नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे जायची. मी पाच मोजायचो आणि पुन्हा पहिल्या नंबरापासून विचारायला लागायचो. तिसाव्याच्या खाली सरकायला जागा नव्हती, त्यामुळे तो तिथंच. त्याच्या शेजारी पाण्याचा माठ होता. कुणी उठलं की तो न सांगता पेला भरून द्यायचा. त्याच्या लेखी अभ्यासाच्या वहीत मात्र चुका शोधाव्या लागत.

एखादा शहाणा मास्तर त्या वहीवरून काही समजला असता. मी चिडलो. लेखी येतं आणि बोलत नाही म्हणजे हा मुद्दाम करतो, असं मी ठरवलं. एके दिवशी तो उभा राहिल्यावर मी म्हणालो, "शेडगे, दुसऱ्यांना टाके घालता घालता स्वतःच्या तोंडाला घालून घेतलेस काय रे?" वर्ग हसला. मी हे मराठीत म्हणालो आणि एकेरीत म्हणालो. बाकी सगळ्यांना मी अहो-जाहो करत होतो. तो म्हणाला, "न्हाई, गुर्जी," आणि बसला. त्या एकेरीची मला आज जेवढी लाज वाटते तेवढी तेव्हा अजिबात वाटली नाही.

कचेरीनं एक रजिस्टर दिलं होतं. त्यात दर आठवड्याला नंबर लिहायचा आणि एका रकान्यात स्वभाव. हो, स्वभाव! बोटभर रुंदीच्या रकान्यात माणसाचा स्वभाव, इंग्रजीत, एका शब्दात. ज्या कुणा कारकुनानं तो रकाना आखला त्याला मी आजही शिव्या देतो. पण आखला त्यानं आणि भरला मी. यादवांपुढं मी 'चिअरफुल' लिहायचो. गणूपुढं पहिल्या आठवड्याला 'शाय' लिहिलं. पाचव्या आठवड्याला टाके घालण्याच्या त्या प्रसंगानंतर, रागाच्या भरात, लाल शाईनं 'म्यूट' लिहिलं. मुका. मग दर आठवड्याला तेच खाली उतरवत गेलो, कारण ते सोपं होतं.

सदर बझारात एक म्हातारा साहेब राहायचा. सगळं आयुष्य कालव्यांच्या कामावर काढलेला, निवृत्त होऊनही विलायतेला न गेलेला. त्याच्याकडची जुनी वर्तमानपत्रं मी वर्गासाठी आणत असे. एका रविवारी सकाळी गेलो तर व्हरांड्यातून बोलणं ऐकू आलं. साहेबाच्या पायाला जुनी जखम होती, बरी न होणारी. तो वेताच्या खुर्चीत पाय पसरून बसला होता, आणि खाली पाटावर पाठमोरा बसलेला माणूस जखम धूत होता.

"नाऊ लिटल पेन, सर. यू लुक ॲट द ट्री."

साहेबानं कचकचीत शिवी हासडली.

"नो हरी, सर. ट्री इज नॉट गोइंग. आय ॲम ऑल्सो नॉट गोइंग."

आवाज बारीक होता, पण कुठं अडखळत नव्हता. साहेब कुरकुरला, की हे तू कुठं शिकलास? तो माणूस पट्टी गुंडाळता गुंडाळता सांगू लागला. इटलीत तंबूतल्या इस्पितळात एक गोरा पोरगा होता, पोटाला लागलेलं. तो सारखा बोलायचा, आणि कुणी उत्तर दिलं नाही की घाबरायचा. म्हणून मी उत्तर द्यायला लागलो. अकरा दिवस दिलं. हे सगळं इंग्रजीत. मोडकंतोडकं, पण सलग आणि समोरच्याला पोचणारं. मी बी.टी. झालेला माणूस, पण माझ्याच्यानं ते तसं बोलवलं नसतं. मान वळली तेव्हा पाहिलं, गणू शेडगे.

मला आनंद व्हायला हवा होता. मला संताप आला. महिना-दीड महिना हा माझ्यासमोर मुका बसतो आणि इथं साहेबासमोर पोपटासारखा बोलतो, म्हणजे यानं मला मूर्ख बनवलं! वर्तमानपत्रं न घेताच मी परत फिरलो.

दुसऱ्या दिवशी मी त्याला पुढं बोलावलं. टेबलाशेजारी, सगळ्यांकडे तोंड करून उभं केलं. म्हणालो, "मंडळी, हे शेडगे उत्तम इंग्रजी बोलतात. काल मी माझ्या कानांनी ऐकलं. आपल्याला ते त्या लायकीचे समजत नाहीत. बोला शेडगे, काल साहेबाला जे सांगितलंत ते या एकोणतीस जणांना सांगा." या वेळी मी अहो म्हणालो होतो, टोमणा म्हणून.

त्याचा चेहरा पांढरा पडला. ओठ हलले. एक मिनिट गेलं असेल. मी थांबलो, आणि ते थांबणं दयेचं नव्हतं. शेवटी पहिल्या नंबरावरून यादव म्हणाले, "गुर्जी, साहेबाचा दुखरा पाय आणा हितं, मग बोलंल त्यो!" सगळे खो-खो हसले. यादवांनी त्याला सोडवायलाच ते म्हटलं असावं. मी गणूला जागेवर जायला सांगितलं आणि धडा पुढं सुरू केला.

तास सुटल्यावर तो दाराशी थांबला होता. माठ उचलून बाहेर ओतत होता. मी तिरसटपणे विचारलं, "काय अडलं होतं तुमचं?"

त्यानं रिकामा माठ उपडा करून ठेवला. मग म्हणाला, "गुर्जी, रागावू नगासा. थितं मी बोललो की त्या माणसाला बरं वाटायचं. हितं मी बोललो की कुणीतर खाली सरकतंय."

"म्हणजे?"

"परवा तुमी इचारल्यालं मला येत हुतं. पर बोललो असतो तर वरच्या चौघांना खाली सरकाय लागलं असतं. त्यात आमच्या शेजारच्या गावचं बापूआण्णा हुतं. वडिलांच्या वयाचं माणूस. त्येंच्या डोक्यावर मी कसा बसू? हितं शेवटाला बरं हाय मला. मी गप बसलो तर कुणाचं काय जात न्हाई."

असं उत्तर मला त्या वेळेपर्यंत कुणी दिलं नव्हतं. बी.टी.च्या पुस्तकांतही नव्हतं. मग अडलेला मास्तर जे करतो तेच मी केलं. "नोकरी हवी असेल तर हे लाड चालणार नाहीत," असं म्हणून चालता झालो.

त्या दिवशी रजिस्टर माझ्या बगलेत होतं. घरी जाऊन तो लाल शब्द खोडायचा आणि दुसरा लिहायचा, एवढंच काम होतं. दौत होती, टाक होता, वेळ होता. पण माझ्या रजिस्टरात खाडाखोड नसते, असा माझा लौकिक होता आणि मला त्याचा अभिमान होता. परीक्षेत बोलेल तो, समोर एकच साहेब असेल, असं मी मनाची समजूत घालून घेतली. दुसऱ्या दिवसापासून नंबर मात्र बंद केले, पण कचेरीला दर आठवड्याला नंबर हवा असायचा, म्हणून जुनेच पाठवत राहिलो. म्हणजे अर्धी अक्कल आली होती, आणि तिचा कुणाला उपयोग नव्हता.

परीक्षेला एक साहेब नव्हता. लांब टेबलामागं तिघं बसले होते, मधे गोरा कर्नल, दोन्ही बाजूंना आपले अधिकारी. मी बाजूच्या खुर्चीवर, नावं पुकारायला. उमेदवार नंबरवारीनं येणार आणि पास झालेल्यानं त्याच क्रमानं नोकरी निवडायची. यादव पहिले आत आले. "गुड मॉर्निंग सर, व्हेरी फाईन वेदर सर!" कर्नल मोठ्यानं हसला. पाच मिनिटं दोघं हवेवर आणि म्हशींवर बोलले. यादवांना कोठारातली जागा हवी होती, पण ती यादीत नव्हती. मग त्यांनी ड्रेसरच्या तीन जागांतली एक घेतली. आयुष्यात त्यांनी कुणाच्या बोटाला चिंधी बांधलेली नव्हती. ते कुणी विचारलंही नाही.

तिसावं नाव मी पुकारलं तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि कर्नल घड्याळ बघत होता. ड्रेसरची एक जागा अजून शिल्लक होती, दहिवडीचीच. इतक्या लांब कोरडवाहू मुलखात जायला कुणी तयार नव्हतं.

"व्हॉट डिड यू डू इन द आर्मी?" कर्नलनं विचारलं.

गणूचे ओठ हलले. मला दिसलं, तो वाक्य जुळवतोय. येणार होतं ते वाक्य. मी बत्तीस वर्षं माणसांची तोंडं बघितली आहेत, मला कळतं. पण कर्नलनं मान खाली घातली आणि रजिस्टर बघितलं. लाल शाईवर बोट ठेवून मला विचारलं, "म्यूट? इज दॅट सो, मास्टर?"

मला सांगायचं होतं, की सर, हा माणूस बोलतो, मी ऐकलं आहे, तो शब्द माझी चूक आहे. एवढंच. शाळकरी मुलाला जमावं असं वाक्य. पण समोर कर्नल होता, दोन अधिकारी होते, आणि माझ्या इंग्रजीत त्यांच्यासमोर चूक झाली तर? मी वाक्य मनात जुळवायला लागलो. आधी चूक कबूल करावी की आधी त्याची बाजू मांडावी, याचा विचार करायला लागलो. आणि तोंडातून सवयीनं बाहेर पडलं ते, "यस, सर."

पुढचं येणारच होतं. 'बट' ओठांवर होतं. कर्नलनं रजिस्टर मिटलं, उठला, आणि दुसऱ्या अधिकाऱ्याशी बोलत बाहेर गेला. गणूनं माझ्याकडे एकदा बघितलं. त्यात राग नव्हता. वर्गात कुणाला उत्तर आलं नाही की तो ज्या नजरेनं बघायचा तीच ती नजर होती. आणि मग त्यानं कर्नलच्या टेबलावरचा पाण्याचा पेला, जाता जाता, काठावरून आत सरकवून ठेवला.

मी नंतर अर्ज लिहिला. चार मसुदे केले. व्याकरण निर्दोष, भाषा सुंदर. लिहिण्यात आम्ही शूर. महिन्यानं उत्तर आलं, यादी अंतिम आहे. दहिवडीची जागा रिकामीच ठेवली म्हणे. गणू मुंबईला गेला.

सातारा जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन सांगलीला जिल्ह्याचं ठाणं आलं त्या सुमारास मी सांगलीच्या एका शाळेत होतो. वर्गात नंबर लावायचे नाहीत म्हणून हेडमास्तरांशी रोज वाद. ते म्हणायचे, शिस्त जाते. एके दिवशी मी रागानं कपाटाचं दार आपटलं, काच फुटली आणि माझा उजवा तळवा चिरला. दवाखान्यात गेलो तर समोर पांढऱ्या कोटात कोण? यादव! "गुर्जी, वेलकम सर! व्हॉट हॅपन सर?" ते बोलत होते आणि पट्टी आवळत होते. बोलता बोलता म्हणाले, "गणू आलाय बघा गावाला. जत्रा हाय त्येंची. आमचा पुतण्या त्येच्याच गिरणीत हाय, त्यो सांगत हुता." हात ठणकत होता. ती नोकरी यादवांनी हिसकावलेली नव्हती, दहिवडीची जागा तर वेगळीच होती, तरी त्या घट्ट पट्टीकडे बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली आणि विट्यावरून दहिवडीची गाडी धरली. वाटभर एक वाक्य घोकत होतो. या वेळी इंग्रजी नाही, मराठी. गणू, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं, मला माफ कर. दहा वेळा म्हटलं. वीस वेळा म्हटलं. दहिवडीपासून चालत गेलो तेव्हाही म्हणतच होतो.

घरापुढं बाभळीखाली मेंढरं बसली होती. तो खाटेवरून उठून धावत आला. "गुर्जी! आवं तुमी हितं कसं?" आईला हाक मारली, घोंगडं झटकून टाकलं, तांब्या दिला. रोडावला होता. मी विचारलं, गिरणीत कसं आहे? हसून म्हणाला, "बरं हाय की. यंत्रांचा लय आवाज. थितं कुणीच बोलत न्हाई." मी वाक्याला सुरुवात करणार तोच त्याचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. बोटांची टोकं सुजली होती.

"ही पट्टी कुणी बांधली?"

"यादवांनी."

"यादवदादा बोलण्यात गुतलं आसत्याल," तो म्हणाला. आईला पाणी उकळायला सांगितलं. घरातून धुतलेल्या धोतराची पट्टी फाडून आणली. मी खाटेवर आणि तो खाली पाटावर. पट्टी जखमेला चिकटली होती, ती तो पाण्यानं भिजवून हळूहळू सोडवू लागला.

"गणू," मी म्हणालो. "त्या दिवशी परीक्षेत मी…"

पुढचं वाक्य येईना. वाटभर घोकलेलं, माझ्या आईच्या भाषेतलं. त्यानं मला शिवी दिली असती तर बहुतेक आलं असतं. तो वाट बघत थांबला, मी वर्गात थांबायचो तसा नव्हे. मग खाली बघून पुन्हा कामाला लागला.

"आता जरा दुखंल, गुर्जी. तुमी त्या बाभळीकडं बघा."

"मला तुला सांगायचं होतं, की…"

"घाई न्हाई. बाभळ कुटं जात न्हाई."

मी बाभळीकडे बघत राहिलो. त्याची पट्टी बांधून झाली, तरी माझं वाक्य तयार झालेलं नव्हतं.